मोकळा झालेला रस्ता आणि आमच्या कॉलनीतली भाजी

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या भागातल्या रस्त्याचा फोटो आला, वर मोठ्या अक्षरात "रस्त्याने घेतला मोकळा श्वास". रस्ता रुंद दिसतोय त्यात, खोटं कशाला बोलू. पण फोटोत डाव्या हाताला जे निंबाचं झाड आहे ना, त्याच्याखाली नऊ वर्षांपासून एक म्हातारी मावशी गोणपाट टाकून भाजी विकायला बसायची. मेथी, पोकळा, आंबटचुका, शेवग्याच्या शेंगा आणि हिवाळ्यात भरताची वांगी. ज्या दिवशी अतिक्रमण हटवायची गाडी आली आणि तिची गोणी उचलून नेली त्या दिवशी मी तिथंच पिशवी घेऊन उभी होते. ती मला एवढंच बोलली, "माय वं, आते कोठे बसू मी?" मला काही सांगता आलं नाही, तेव्हापासून डोक्यात तेच फिरतंय म्हणून हे पत्र. जरा मोठं झालं तर सांभाळून घ्या.

शहराचं नाव मुद्दाम लिहत नाही. जळगाव घ्या, धुळं घ्या, नंदुरबार, भुसावळ, अमळनेर कुठलंही घ्या, गोष्ट थोड्याफार फरकाने हीच निघेल.

मी मेस चालवते, बारा वर्षं झाली. रोज 40 च्या आसपास ताटं, निम्मी कॉलेजची पोरं आणि निम्मे एमआयडीसीतले कामगार. त्यामुळे भाजीचा भाव मला पेपरात वाचावा लागत नाही, तो मला रोज सकाळी लागतो. आणि माझं माहेर यावल तालुक्यातलं, भाऊ अजून शेती करतो, म्हणून दुसरं टोकही मला माहिती आहे. भाऊ रात्री दोनला उठून वांगी भरतो, पहाटे मार्केटला लिलाव होतो, दहा मिनिटात सगळा खेळ आटोपतो. मग तो माल ज्याने घेतला त्याच्याकडून किरकोळवाला घेतो, हमाली, कॅरेटचं भाडं, रिक्षाचं भाडं, आणि ती वांगी आमच्या कॉलनीत येईपर्यंत भाव तिप्पट. 2016 साली भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे मार्केट कमिटीच्या बाहेरही विकायची मोकळीक मिळाली, आणि अडत म्हणजे दलाली शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा भाऊ खूश झाला होता. पण खरेदीदार तरी ती खिशातून थोडी देतो, भावातच धरतो ना.

केळीचं तर विचारूच नका. सगळ्या देशाला केळी खाऊ घालणारा आपला भाग, रावेर सावद्याहून रेल्वेने दिल्लीपर्यंत माल जातो, जळगावच्या केळीला 2016 ला जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाच्या खास मालाचा शिक्का, मिळालं, जळगावच्या भरीत वांग्यालाही मिळालं, चांगलीच गोष्ट आहे. पण 2024 साली रिझर्व्ह बँकेने जे अभ्यास प्रसिद्ध केले त्यात लिहिलंय की गिऱ्हाईक केळीला 1 रुपया देतं त्यातले शेतकऱ्याला मिळतात 31 पैसे. टोमॅटोला 33, कांद्याला 36, बटाट्याला 37. म्हणजे आपल्याच शिवारातली केळी सगळ्यात मागे. आणि शहरात लोटगाडीवर आपल्याला मिळते ती बहुतेक वापसी, म्हणजे हलक्या प्रतीची, चांगला घड केव्हाच ट्रकमध्ये बसून निघून गेलेला असतो.

आता लोक लगेच म्हणतात की मधले सगळे लुटतात. सगळे नाही लुटत हो. मी त्या लोटगाडीवाल्यांना रोज बघते. पहाटे चारला मार्केटला जायचं, उसनवारीने माल घ्यायचा, आणि मग आपल्याकडचं ऊन. 45 च्या वर पारा जातो जळगाव भुसावळला, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. वैशाखात मेथीची जुडी सकाळी सातला हिरवीगार असते, साडेदहाला मान टाकते आणि बाराला ती बकरीलाच घालायची. म्हणून भाजीवाल्याला काय लागतं तर सावली, आणि एक ठरलेली जागा जिथं बायका सकाळी नऊच्या आत येऊन घेऊन जातील. ते मिळालं तर तो कमी नफ्यातही माल काढतो कारण फेकायला काही उरत नाही. आणि त्याला रोज इथून तिथं हाकललं तर अर्धी भाजी सुकते, आणि त्या सुकलेल्या भाजीचे पैसे उरलेल्या भाजीवर चढतात. ते कोण देतं? आपणच देतो. मावशी गेल्यापासून आमच्या कॉलनीत जो भाव वाढला तो मार्केटमध्ये वाढलेला नाही, मी दोन्हीकडचे रेट वहीत लिहून ठेवलेत, हवे तर दाखवते.

आणि हे पैसे सगळ्यांना सारखे नाही लागत, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. ज्यांच्याकडे फोरव्हीलर आहे ते रविवारी मेन मार्केटला जाऊन आठवड्याची भाजी स्वस्तात आणतात, फ्रीजमध्ये ठेवतात. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणारी वहिनी शहराच्या पार टोकाला राहते, नवीन प्लॉट पडलेत तिकडे, तिला मार्केटला जायचं तर रिक्षाला जाऊन येऊन 40 रुपये. पाव किलो गवारीसाठी कोण 40 रुपये घालवेल? मग ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून बटाटे घेते, दोन दिवस जुनी भेंडी घेते, तीही महाग, नाहीतर भाजी घेतच नाही, चटणी भाकरीवर पोरांचं भागवते. आणि मावशी उधार द्यायची. पगार झाला की द्या म्हणायची. मोबाईलच्या ॲपवाला दहा मिनिटात भाजी आणून देत असेलही मोठ्या शहरात, पण तो उधारी देणार नाही आणि 10 रुपयाची कोथिंबीर मिरची घेऊन त्या वहिनीच्या गल्लीत येणार नाही.

2020 ला लॉकडाऊन लागलं तेव्हा आठवा. भाजीपाला अत्यावश्यक सेवा होता. हेच लोटगाडीवाले गल्लीगल्लीत आले, तोंडाला रुमाल बांधून, आणि आपण गॅलरीतून त्यांना हाक मारत होतो. त्याच वर्षी सरकारने त्यांच्यासाठी स्वनिधी योजना काढली, 10,000 रुपयांचं कर्ज. म्हणजे धंदा करायला कर्ज द्यायचं आणि धंदा जिथं करायचा ती जागा काढून घ्यायची, आणि हप्ता मात्र चालूच, हे मला समजत नाही.

बरं कायदा नाही असंही नाही. माझ्या मेसला एक वकिलीचा अभ्यास करणारा मुलगा येतो, त्याने मला वाचून दाखवलं. 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात आहे की दर पाच वर्षांनी सगळ्या विक्रेत्यांचा सर्वे करायचा. सर्वे पूर्ण होऊन सर्टिफिकेट मिळेपर्यंत कोणालाही उठवायचं नाही. उठवायचंच झालं तर 30 दिवस आधी नोटीस. भाजीसारखा नाशवंत माल जप्त केला तर मागितल्यावर त्याच दिवशी परत द्यायचा. शहराची एक समिती पाहिजे आणि त्यात कमीत कमी 40 टक्के मेंबर विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्याही एक तृतीयांश बायका. आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा करून द्यायची. आता हिशोब करा, 2011 च्या जनगणनेत जळगाव शहर 4 लाख 60 हजार होतं, त्याचे अडीच टक्के म्हणजे साडेअकरा हजार. धुळं पावणेचार लाख, म्हणजे नऊ हजारांवर. मावशीला हे सगळं वाचून दाखवलं तर ती म्हणाली मला तर कोणी कधी विचारायलाच आलं नाही.

सर्वे करणाऱ्यांना एक सांगायचंय. फक्त उन्हाळ्यात येऊ नका. पावसाळ्यात सातपुड्याकडून आदिवासी बायका कटुर्ले, टाकळा, कुरडू, शेवळं असल्या रानभाज्या घेऊन एसटीने येतात, दोन अडीच तास बसतात आणि दुपारच्या गाडीने परत. त्यांच्याकडे ना गाडी ना काटा, वाटे करून विकतात. त्या कोणत्याच यादीत नसतात. धडगाव अक्कलकुव्याकडच्या कुपोषणाच्या बातम्या आपण वाचतो आणि वाईट वाटून घेतो, आणि डोंगरातल्या बायका टोपलं घेऊन शहरात येतात तेव्हा त्यांना हात दाखवून "चला उठा" म्हणतो.

आता रेशनचंही बोलते, कारण नेहमी उत्तर मिळतं की गरिबाला रेशन फुकट आहे ना, मग उपाशी कोण राहतंय. 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आला तेव्हा महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या 76.32 टक्के लोकांना धान्य द्यायचं ठरलं आणि शहरातल्या 45.34 टक्के. ही संख्या 2011 च्या जनगणनेवर बांधलेली आहे आणि अजून तीच चालू आहे. या एवढ्या वर्षांत शहरं कुठल्या कुठे पसरली, खेड्यातून किती कुटुंबं आली, त्यांचं काय? आणि प्राधान्य कुटुंबात, म्हणजे धान्य मिळणाऱ्यांच्या यादीत, बसायला शहरात वर्षाचं उत्पन्न 59,000 च्या आत पाहिजे. 59,000 ला 365 ने भागा. दिवसाला 162 रुपये, सगळ्या घराचे. माझ्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंच्या घरात नवराबायको दोघं कमावतात, दोघं मिळून त्याच्या वर जातात, म्हणून त्यांचं केशरी कार्ड आणि धान्य शून्य. घरभाडंच 3,000 आहे त्यांचं.

ज्यांना मिळतं त्यांना माणशी महिन्याला 5 किलो, अंत्योदयवाल्यांना कार्डावर 35 किलो, आणि 2023 पासून फुकट. मोलाची गोष्ट आहे ती, कोणी बंद करू नये. पण माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. 1 किलो पिठाच्या माझ्या हातच्या 25 पोळ्या होतात. 5 किलोच्या 125. महिन्याची जेवणं 60. म्हणजे एका जेवणाला दोन पोळ्या, आणि तेही सगळे गहू मिळाले असं धरून, निम्मे तर तांदूळ असतात. माझ्याकडे लोडिंगचं काम करणारा पोरगा एका वेळेला सहा पोळ्या खातो. बाकीच्या चार पोळ्या, डाळ, तेल, भाजी हे सगळं बाजारातूनच आणायचं असतं, रेशनवर भाजी मिळत नाही. म्हणून मी म्हणते की भाजीवाली मावशी कुठे बसते हा प्रश्न गरिबाच्या ताटाचाच आहे, ट्रॅफिकच्या कॉलममध्ये तो बसत नाही.

ट्रॅफिकचं मला कळत नाही असं नाही हो. माझा मुलगा त्याच रस्त्याने गाडीवर जातो, सणाच्या दिवशी तिथं चालायला जागा नसायची, एखादी ॲम्ब्युलन्स अडकली तर काय याची भीती मलाही वाटायची. रस्ता मोकळाच पाहिजे. पण मावशी रस्त्यावर नव्हती, झाडाखाली होती. आणि रस्त्यावर नको तर मग कुठे, हे आधी ठरवा ना. नवीन लेआउट पडतो तेव्हा 10 टक्के ओपन स्पेस सोडतात, पाण्याची लाइन कुठून येईल ते नकाशात असतं, गटार कुठे, लाइटची डीपी कुठे सगळं असतं, पण शंभर घरांना रोज लागणारी भाजी कोण आणि कुठे बसून विकेल याची खूण एकाही नकाशात मी पाहिली नाही. सकाळी सहा ते दहा, सावलीत, प्यायच्या पाण्याचा एक नळ आणि जवळ बायकांसाठी एक संडास, एवढीच जागा. दहा नंतर झाडून घ्यायची जबाबदारी विक्रेत्यांवर टाका, ते घेतील, मी बोलले त्यांच्याशी. टोकाच्या कॉलन्यांना आधी द्या कारण मेन मार्केट त्यांनाच लांब आहे.

तुमच्या पेपरने दोन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांच्या शहरांत पथविक्रेत्यांचा सर्वे शेवटचा कधी झाला, यादीत किती नावं आहेत आणि समितीच्या मीटिंगा होतात का, हे शहरवार छापा. मोठे रकाने द्या, वाचतील लोक. आणि दुसरी, त्या फोटोग्राफर भाऊंना एकदा सकाळी साडेसहाला परत त्या निंबाच्या झाडापाशी पाठवा. मावशी आता पुढच्या वळणावर बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर बसते, गोणपाट टाकत नाही, पटकन उचलता यावी म्हणून भाजी पिशवीतच ठेवते आणि ओळखीचं माणूस दिसलं तरच बाहेर काढते. काल तिच्याकडे पोकळ्याच्या चारच जुड्या होत्या, मी चारही घेतल्या.

आपली वाचक,
एक मेसवाली, खान्देश