विषय: वरच्या कूलरनं तडकलेली माझी खिडकी, आणि नोटीस मात्र मलाच

प्रति,
मा. अध्यक्ष भाऊ,
सोसायटी कमिटी, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

नमस्कार. परवा संध्याकाळी सेक्रेटरींनी माझ्या दारावर नोटीस चिकटवली. खिडकीला बाहेरून लावलेलं प्लास्टिक आठ दिवसांत काढा, इमारतीचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरचं रूप, खराब होते म्हणे. सासूबाईंनी ती वाचली, शेजाऱ्यांनी वाचली, दूधवाल्यानंही वाचली. आतापर्यंत एक अर्ज सोडला तर मी तोंडीच बोलत होती, आता पुन्हा लेखी देते.

ते प्लास्टिक कशासाठी लावलं हे तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. बेडरूमच्या खिडकीची काच तडकली आहे म्हणून लावलं. वरच्या २०३ वाल्यांचा कूलर त्यांच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर उन्हाळ्यापासून तसाच उभा आहे. पावसाळा गेला, दिवाळी गेली, धान कापून चुरणे झाले, कूलर काही आत गेला नाही. त्याच्या एका बाजूचा जाळीचा पत्रा सुटून एका तारेवर लोंबते आणि वारा सुटला की सरळ माझ्या काचेवर येऊन आपटते, मग रात्रीचे दोन वाजो की चार. पोळ्याच्या वेळी मी त्यांना सांगितलं तर "हो वहिनी, या रविवारी काढतो" म्हणाले. दसऱ्याला पुन्हा सांगितलं, तेव्हाही रविवारच. दिवाळीआधी कमिटीला लेखी अर्ज दिला, तर सेक्रेटरी म्हणाले हा दोन मेंबरचा आपसातला विषय आहे, सोसायटी त्यात पडत नाही. त्याच पत्र्यानं काच तडकली तो आपसातला विषय, आणि मी त्या तडकलेल्या काचेवर प्लास्टिक लावलं तर लगेच सोसायटीचा विषय, हे कसं काय ते मला समजावून सांगा.

मी भांडकुदळ बाई नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यांच्या मुलाची बारावी होती तेव्हा आमच्या घरचा टीव्ही संध्याकाळी बंद असायचा. टाकी ओव्हरफ्लो होऊन त्यांचं पाणी आमच्या बाल्कनीत पडलं तेव्हाही मी तक्रार केली नाही, पुसून घेतलं. पण घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना दमा आहे, आणि त्यांचा पलंग त्याच खिडकीखाली आहे. आता त्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपतात आणि पहाटे खोकून खोकून उठून बसतात.

मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं म्हणे, आपल्याकडे कुठं येवढी थंडी पडते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरला ३.५ डिग्रीची नोंद झाली होती, शहरात एवढ्या घरादारांच्या गर्दीत ३.५. आपल्याकडे घरं सगळी उन्हाच्या हिशोबानं बांधतात, मोठ्या खिडक्या, आरपार हवा, ते मे महिन्यात ४५ डिग्रीला बरं वाटते. पण उत्तरेचा वारा सुरू झाला की त्याच खिडक्या अंगावर येतात. त्यात आपल्या बी विंगचं तोंड उत्तरेला, समोर धानाच्या बांध्या, कापणी झाली की सगळं मोकळं, वारा अडवायला एक झाड नाही. ए विंगमध्ये दुपारभर ऊन येते, म्हणून तिकडच्या लोकांना आमचं कळत नाही (कमिटीत बी विंगचा एकही माणूस नाही, हेही लक्षात घ्यावं).

आणि मी नुसती ओरडत बसलेली नाही. घरातल्या सगळ्या खिडक्यांपाशी अगरबत्ती धरून पाहिली, जिथं धूर आत ओढल्यासारखा हलला तिथं फट. स्लायडिंगच्या पल्ल्यांना केसाळ ब्रशची पट्टी असते ती झिजून सपाट झाली होती, ती स्वतःच्या पैशानं बदलवली. चौकट आणि भिंतीच्या मधात सिलिकॉन भरून घेतलं. खालच्या ट्रॅकमधली बारीक भोकं मात्र कारागिराला बुजवू दिली नाही, कारण पावसाचं पाणी तिथूनच बाहेर जाते, ती बुजली की पाणी घरात. आमचा कूलर पावसाळा लागताच आत घेतला आणि त्याच्या जागेला प्लायवूड ठोकलं, नाहीतर तेवढ्या एका जागेतून अर्धा वारा घरात शिरते. पडदे जाड आणि खिडकीच्या खालपर्यंत लोंबणारे शिवले. दुपारी दक्षिणेकडच्या खिडक्या उघडून ऊन घ्यायचं आणि ऊन उतरायच्या आधी लावून घ्यायच्या, हे रोजचं आहे. एवढं सगळं करून एकच खिडकी उरली, ती तडकलेली. तिथं नवी काच मी आज टाकू शकते, पण वरचा पत्रा जोपर्यंत लोंबते तोपर्यंत ती काच किती दिवस टिकेल? म्हणून प्लास्टिक, पट्ट्या मारून ताणून बसवलेलं. काच आणि प्लास्टिकच्या मधात जी हवा अडकते ती हलत नाही, म्हणून गारठा कमी येते. शोभेसाठी नाही लावलं भाऊ.

कमिटीतल्या एका मेंबरनं सल्ला दिला की येवढीच थंडी वाजते तर रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवा. हे बोलणं मला फार लागलं. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड होते, त्याला ना वास ना रंग, झोपलेला माणूस झोपेतच जाते. दम्याच्या म्हाताऱ्या बाईच्या उशाशी शेगडी ठेवायला सांगणारे कमिटीत बसतात, याचं वाईट वाटते.

नोटिशीत उपविधीचा, म्हणजे सोसायटीच्या नियमांचा, उल्लेख आहे, की परवानगीशिवाय बदल करू नये. मग २०३ वाल्यांनी बाहेरच्या भिंतीत ड्रिल मारून स्टँड बसवला, त्याची परवानगी कुठं आहे? ती भिंत तर सगळ्यांची. त्याच आदर्श उपविधीत असंही आहे की मेंबरची तक्रार लगेचच्या कमिटी मीटिंगमध्ये घ्यायची आणि निर्णय पुढच्या १५ दिवसांत कळवायचा. माझ्या अर्जाचं काय झालं? दुरुस्ती निधी म्हणून बांधकाम खर्चाच्या पाऊण टक्का दर वर्षी कापता, आणि बी विंगच्या जिन्यातल्या खिडकीला काच नाही, तिथून वारा शिट्टी मारत वर जाते. १०१ मधले सर, १०४ मधल्या काकू, सगळे हेच म्हणतात. सही करायला ते कचरतात, कारण रोज २०३ वाल्यांचं तोंड पाहायचं आहे, पण मत त्यांचं माझ्यासारखंच आहे.

तर माझं म्हणणं एवढंच. येत्या रविवारपर्यंत तो कूलर, निदान तो पत्रा, तिथून काढायला लावा. काचेचे पैसे २०३ कडून घ्या किंवा सोसायटीनं द्या, बिल मी आणते. जिन्यातली काच बसवा. माझ्यावरची नोटीस लेखी मागे घ्या आणि ज्या दारावर ती चिकटवली त्याच दारावर ती मागे घेतल्याचं पत्रही चिकटवा. पत्रा गेला आणि नवी काच बसली की प्लास्टिक मी त्याच दिवशी काढते, त्यासाठी नोटिशीची गरज नाही. रविवार तसाच गेला तर सोमवारी हाच अर्ज फोटोसह सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांच्या ऑफिसात देईन, मग मला म्हणू नका की बाई घरातलं बाहेर घेऊन गेल्या.

या पत्राची पोच सही-शिक्क्यासह मलाच हातात द्यावी. मागचा अर्ज वॉचमनकडे दिला होता, तो हरवला असं आता सांगतात.

आपली,
फ्लॅट १०३, बी विंग