आजेसासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे जेवण

हाँगकाँग

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आजेसासूबाईंना ८० वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त रविवारी आम्ही सारे साई कुंगला जेवायला गेलो होतो. तुम्ही नव्हतात याची चुटपुट लागून राहिली, म्हणून सविस्तर लिहिते.

साई कुंग हे न्यू टेरिटरीज भागातले जुने मच्छीमार गाव. तेथे होडीत बसूनच मासे विकतात. गिऱ्हाईक वर धक्क्यावरून बोट दाखवते आणि मासा लांब दांड्याच्या जाळीतून वर येतो. समोर ओळीने सीफूडची हॉटेले आहेत आणि त्यांच्या दाराशी काचेच्या टाक्यांमध्ये जिवंत मासे, खेकडे, कोळंबी आणि शिंपले ठेवलेले असतात. सासऱ्यांनी टाकीपाशी उभे राहून हेकरू मासा निवडला; वेटरने तो जाळीत धरून आजींना दाखवला आणि त्यांनी मान डोलावल्यावरच तो आत गेला. येथे मासा कॅटीच्या मापाने विकतात. एक कॅटी म्हणजे सुमारे ६०५ ग्रॅम.

गोल टेबलाशी, दाराकडे तोंड असलेली मानाची जागा आजींची होती. चहा आधी वडीलधाऱ्यांना ओतायचा आणि ज्याच्या पेल्यात चहा पडतो त्याने दोन बोटे टेबलावर हलकेच टेकवून आभार मानायचे, म्हणजे चाललेले बोलणे तोडावे लागत नाही. ही रीत मला फार आवडते. पदार्थ आठ होते. सात पदार्थांचे जेवण येथे अंत्यविधीनंतरचे मानतात, त्यामुळे सासूबाईंनी यादी दोनदा मोजली.

भाजलेले डुकराचे पिल्लू आणि उकडलेली कोळंबी झाल्यावर खेकडा आला. कुरकुरीत तळलेल्या लसणाच्या ढिगाखाली तो जवळजवळ दिसेनासाच झाला होता. वादळात होड्यांना आसरा मिळावा म्हणून बांधलेल्या कॉजवे बेच्या बंदरात पूर्वी कितीतरी कुटुंबे होड्यांवरच राहत. ही त्यांची पाककृती. आजींचा जन्मही होडीवरचाच, त्यामुळे हा पदार्थ आला की त्या हमखास बोलत्या होतात.

पण खरी कसोटी माशाची. तो सबंधच, जेमतेम आठ-दहा मिनिटे वाफवतात, वर आले आणि पातीच्या कांद्याच्या बारीक सळ्या पसरतात, त्यांवर कडकडीत तेल ओततात आणि मग थोडा सोया सॉस. बस्स, एवढेच. काट्यालगतचे मांस किंचित गुलाबी राहिले तर आचाऱ्याचा हात साधला, असे समजतात; क्षणभर जास्त वाफ लागली की मासा चरबट होतो आणि मग कोणताही मसाला त्याला वाचवू शकत नाही. इतक्या थोड्या साहित्यात शिळेपणा लपवायला जागाच उरत नाही, म्हणून मला हा स्वयंपाक सर्वांत अवघड वाटतो.

माशाचे तोंड आजींकडे केले होते. वरची बाजू संपली तेव्हा मासा कोणीही उलटला नाही, कारण दर्यावर्दी घरांत मासा उलटणे म्हणजे होडी उलटण्याचा अपशकुन. सासऱ्यांनी मधला काटा शेपटीकडून अलगद उचलून बाजूला ठेवला. आजींनी मात्र त्याआधीच माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून माझ्या वाडग्यात घातला होता. तो सर्वांत चांगला घास असतो आणि खरे तर त्यांच्याच मानाचा. आई, मला त्या क्षणी काही बोलता आले नाही. येथे प्रेम तोंडाने फारसे सांगत नाहीत, ते असे दुसऱ्याच्या वाडग्यात वाढतात.

शेवटी दीर्घायुष्यासाठी लांबच लांब नूडल्स आल्या, त्या तोडायच्या नसतात. आणि कमळबियांचे सारण भरलेले, पीच फळाच्या आकाराचे गुलाबी पाव. आजींनी पहिला पाव पतवंडाला भरवला.

त्यांनी तुम्हा दोघांना नमस्कार सांगितला आहे. तुम्ही आलात की साई कुंगलाच जेवायचे आणि बाबांसाठीचा मासा आपण स्वतः टाकीपाशी उभे राहून निवडणार, असे त्यांनी मला बजावून ठेवले आहे. तेव्हा तिकिटांचे लवकर कळवावे.

तुमची,
लेक