रोबोटच्या आधी गाठ कुठे आहे ते विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कॅन्सरवरील रोबोटिक शस्त्रक्रियेचे भरभरून कौतुक आपल्या आरोग्य पुरवणीत वाचले. सर्जिकल वॉर्डात नोकरी झाली, म्हणून हे पत्र.

सीमाभागातला पेशंट आधी मूळव्याध म्हणून झाडपाल्यावर महिने काढतो आणि रक्त थांबेना झाले की बेळगाव, मिरज नाहीतर कोल्हापूर गाठतो. तिथे तीन दर कानावर पडतात : पोट उघडून, दुर्बिणीने आणि रोबोटने. "रोबोटनं केलं तर पिशवी चुकंल न्हवं?" हा नातेवाइकांचा ठरलेला प्रश्न. पिशवी म्हणजे शौचाची वाट पोटावर काढून तिथे लावतात ती. त्या आशेवर तंबाखूचे रान गहाण पडते.

पिशवी मुख्यतः ठरते ती गाठ गुदद्वारापासून किती सेंटिमीटर वर आहे आणि शौच रोखून धरणाऱ्या स्नायूत ती शिरली आहे का, यावर. त्यासाठी आधी एमआरआय हवा. गाठ वाढलेली असेल तर आधी रेडिएशन-किमो, मग ऑपरेशन. इंग्लंडचे सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ साली दाखवून दिले, की गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण न फाटता अखंड निघाले तर कॅन्सर त्याच जागी उलटण्याचे प्रमाण फार घटते. ते आवरण कोणत्या मार्गाने काढले, हा त्यानंतरचा प्रश्न. २०१५ च्या ‘कलर-२’ चाचणीत आठ देशांतले हजारावर रुग्ण होते. तीन वर्षांनी उघड्या आणि दुर्बिणीच्या, दोन्ही गटांत आजार तिथेच उलटण्याचे प्रमाण पाच टक्केच निघाले. दुर्बिणीवाले घरी मात्र लवकर गेले.

रोबोटला मी नावे ठेवत नाही. चीनमधल्या मोठ्या चाचणीत कायमच्या पिशवीचे ऑपरेशन दुर्बिणीच्या गटात सुमारे २३ टक्के, तर रोबोटच्या गटात १७ टक्के रुग्णांवर करावे लागले. पण ते हात मुरलेल्या सर्जनांचे होते. त्याआधीच्या, रोबोट आणि दुर्बीण यांची तुलना करणाऱ्या ‘रोलार’ चाचणीत ऑपरेशन अर्ध्यावर सोडून पोट उघडावे लागण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नव्हता. तेव्हा आपले सर्जन अशी ऑपरेशने वर्षाला किती करतात, हे विचारायला लाजू नये. मशीन कुठल्या कंपनीचे, हे सगळे विचारतात!

आणि पिशवी लागणारच असेल, तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला बसवून, वाकवून, उभे करून पोटावर पिशवीच्या जागेची पेनाने खूण करून घ्यावी. नऊवारीची गाठ किंवा धोतराचा काच जिथे येतो, तिथे पिशवी बसवली तर ती सारखी निसटते आणि माणूस लग्नकार्याला जायचे सोडतो. पाच मिनिटांचे काम, फुकटचे. घाईत हेच राहून जाते.

पुढची पुरवणी काढाल तेव्हा ही खूण चित्रासह छापा. बेळगावकडे ऑपरेशनचे संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीत असते. मराठी पेशंटला ते सहीआधी वाचून, समजावून सांगण्याची सोय हॉस्पिटलांनी करावी, हेही आपण लावून धरावे.

— एक निवृत्त परिचारिका, निपाणी