‘पीस स्टेशन’ या एका ओळीवर शुगरचा दावा फेटाळू नका : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

जय हिंद.

मी सैन्यातला निवृत्त हवालदार, ट्रेड क्लर्क. उभी नोकरी पलटणीच्या ऑफिसात गेली, त्यामुळे आसपासचे माजी सैनिक आपले कागद घेऊन माझ्याकडे येतात. कुणाचं ‘स्पर्श’ या पेन्शनच्या पोर्टलवर नाव चुकलेलं असतं, कुणाचं ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या उपचार योजनेचं कार्ड अडलेलं असतं. पण एक फाईल पुन्हा पुन्हा येते, माणूस तेवढा बदलतो. आजार शुगर. नोकरीतून सोडताना तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाने अपंगत्व धरलंय २० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि निष्कर्ष असा, की आजार नोकरीमुळे झालेला नाही, नोकरीमुळे वाढलेलाही नाही, म्हणून अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर. कारण म्हणून एकच ओळ : सुरुवात पीस स्टेशनवर झाली. पीस म्हणजे शांततेच्या भागातली छावणी; सीमेवरची किंवा मोहिमेवरची खडतर नेमणूक ती फील्ड.

या एका ओळीबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे.

मध्यंतरी एक सुभेदारसाहेब आले. पोस्टिंगच्या रकान्यावरून बोट फिरवत म्हणाले, “हे फील्ड, हे फील्ड, मधे दोन वर्षं पीस, परत फील्ड. आणि मग हे.” शेवटच्या ठिकाणी, पीसला येऊन तिसऱ्या आठवड्यात त्यांचं वार्षिक मेडिकल झालं आणि शुगर सापडली. बोर्डाने तीच तारीख आजाराची सुरुवात म्हणून लिहिली. तीन आठवडे! त्याआधीची सगळी वर्षं त्या कागदावर कुठेच नाहीत. बोलता बोलता त्यांनी चप्पल काढून पाय पुढे केला. अंगठ्याखाली भाजल्याचा मोठा चट्टा होता. शुगरने पाय बधिर झालेले; उन्हात तापलेल्या पत्र्यावर पाय पडला होता आणि त्यांना कळलंच नव्हतं. घरी आल्यावर पत्नीने दाखवलं.

महोदय, टाइप २ डायबेटिस हा गोळी लागल्यासारखा अमुक दिवशी, अमुक ठिकाणी होत नाही. तो कित्येक वर्षं काहीही लक्षण न दाखवता अंगात राहू शकतो. एचबीए१सी ही रक्तातल्या साखरेची तपासणीसुद्धा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते, त्या दिवसापुरता नाही. मग सापडला तो दिवस आणि सुरू झाला तो दिवस एकच कसा? शिवाय वर चौकीवर असलेल्या माणसाला शंका आली तरी रक्त तपासायचं कुठे? पुष्कळदा तो खाली उतरतो, मोठ्या मिलिटरी हॉस्पिटलजवळ येतो, तेव्हाच रिपोर्ट निघतो. म्हणजे आजार पीसमध्ये सापडणारच, आणि त्याच कारणाने दावाही जाणार.

वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी तुमच्याच खात्याची २००२ ची मार्गदर्शिका होती, २००८ मध्ये दुरुस्त झालेली; २०२३ मध्ये नवी येईपर्यंत तीच लागू होती. तिच्यात ताणतणाव, अयोग्य आहार आणि नोकरीच्या कारणाने पथ्यपाणी न सांभाळता येणं यांनी शुगर उद्भवू शकते किंवा हाताबाहेर जाऊ शकते, हे मान्य केलेलं आहे. फील्ड, अतिउंचीचा प्रदेश, बंडखोरीविरोधी मोहिमा, जहाजावरची दीर्घ नोकरी यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. मी हे स्वतः भोगलं आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं : गोड बंद, भात कमी, जेवण वेळेवर. पण लंगर एकच असतो. सगळ्या कंपनीसाठी जे शिजतं तेच ताटात येतं, आणि कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, रात्री दोनला निघणार असेल तर जेवणाची वेळ कॉन्व्हॉय ठरवतो. मी तक्रार केली नाही, कुणीच करत नाही. पुढे माझाही दावा त्याच ओळीवर गेला. पहिलं अपील केलं, दुसरं केलं. दोन्ही उत्तरं इंग्रजीत, दोन्हींत तीच ओळ. ट्रायब्युनलपर्यंत, म्हणजे सशस्त्र दल न्यायाधिकरणापर्यंत, जायची तेव्हा माझी ऐपत नव्हती.

कायदा जवानाच्या विरोधात नाही, म्हणून जास्त वाईट वाटतं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तंदुरुस्त होता असंच धरायचं, आजार नोकरीमुळे नाही हे दाखवायची जबाबदारी खात्याची आणि शंकेचा फायदा जवानाला, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं. टाइप २ डायबेटिसच्याच प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं, की आजार पीस स्टेशनवर सुरू झाला एवढं कारण पुरत नाही, बोर्डाने आणखी काय कारण आहे ते लिहिलं पाहिजे. तरीही नामंजुरीच्या पत्रात तीच ओळ येते.

आणि रक्कम केवढी? २०२३ आधीच्या नियमांनी शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात. २० टक्क्यांना त्यातले सहा, आणि राउंड ऑफ होऊन ५० टक्के धरले तर पंधरा. घरच्या औषधांना आणि पायाच्या ड्रेसिंगला हातभार लागतो, इतकंच. एवढ्यासाठी माणूस सशस्त्र दल न्यायाधिकरणात जातो, काही वर्षांनी जिंकतो, आणि मग सरकार त्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल करतं. समोर उभा असतो काठी टेकत आलेला आपलाच जवान. मनोहर पर्रीकर या पदावर असताना २०१५ मध्ये त्यांनी तज्ज्ञ समिती नेमली होती, ती अशीच कोर्टकचेरी कमी व्हावी म्हणून. त्या समितीचा अहवाल मंत्रालयातच आहे. तो पुन्हा काढून वाचावा, ही माझी कळकळीची विनंती.

काही जण या सवलतीचा गैरफायदा घेतात अशी चिंता तुमच्या खात्याला आहे, हे मला ठाऊक आहे. ती रास्त आहे. शुगर सैन्याबाहेरच्या माणसालाही होते, घराण्यातही असते. पण खरा कोण आणि खोटा कोण हे ओळखायचं तर बोर्डाला माणसाची सगळी नोकरी वाचावी लागेल : कुठे किती काळ होता, वजन कधी वाढलं, आधीचे रिपोर्ट काय होते, घरात कुणाला आहे का. ते कारणांसह लिहा. मग नकार आला तरी माणूस तो स्वीकारेल. फील्डला जाताना आणि तिथून परतताना एचबीए१सी तपासून नोंद ठेवली, तर अर्धे वाद उभेच राहणार नाहीत. नकाराचं पत्र जवानाला वाचता येईल अशा भाषेत द्या. न्यायाधिकरणाने मान्य केलेल्या शुगरच्या दाव्यांत तरी, बोर्डाने पीस स्टेशनपलीकडे कारणच दिलं नसेल, तर पुढे रिट करू नका.

माझ्या टेबलावर आत्ता अशा चार फायली आहेत. सुभेदारसाहेबांचं दुसरं अपील याच आठवड्यात पाठवतो आहे. चौथ्या फाईलमधला शिपाई सुनावणीची तारीख लागायच्या आत गेला. त्याच्या थकबाकीसाठी आता त्याची पत्नी येते, कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणते. तुमच्या कार्यालयाने मागितल्या तर चारही फायलींच्या प्रती संबंधितांच्या संमतीने पाठवतो. प्रत्येकीत ती ओळ कुठल्या पानावर आहे, तिथे खूण करून ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त हवालदार (क्लर्क)