जिरा घ्यायचं की ट्रेलो, ते नंतर. कार्ड कोण सरकवणार ते आधी ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात आयटीवर काही आलं की ते पगारावर नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकवर असतं. इथंच कोल्हापुरात राहून आठ-नऊ जणांत सॉफ्टवेअर करणाऱ्यांचं रोजचं दुखणं वेगळंच आहे, कोण काय करतंय आणि कुठं अडलंय हे कळायला टूल (कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, जिरा-ट्रेलो त्यातलीच) कुठलं वापरायचं. आम्ही आत्तापर्यंत चार बदललीत, म्हणून लिहितोय. लांबलं तर कापा.

पहिलं रेडमाईन. 2006 पासून आहे, फुकट आहे, गँट चार्ट (कामांचं तारखांवर मांडलेलं वेळापत्रक), विकी (टीमच्या माहितीची पानं), तासांची नोंद सगळं एकाच ठिकाणी, दिसायला जुनाट पण कामाला वाघ. फक्त सांभाळायचं आपण, म्हणजे सर्व्हर आपला, अपडेट आपलं आणि बॅकअप पण आपलाच. आमचा सर्व्हर म्हणजे शाहूपुरीत तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेला जुना पीसी, आणि 2021 च्या जुलैत पंचगंगेनं काय केलं ते इथल्या वाचकांना सांगायला नको. डेटाबेसचा बॅकअप पुण्यातल्या एका मित्राकडं होता म्हणून तिकिटं (एकेका कामाची नोंद) सगळी परत आली, पण रेडमाईन अटॅचमेंट डेटाबेसमध्ये ठेवत नाही, त्या वेगळ्या फोल्डरात असतात, आणि तो फोल्डर पण घ्यायला पाहिजे हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिकीट उघडलं की 'सोबतचा स्क्रीनशॉट बघा' आणि स्क्रीनशॉटचा पत्ता नाही. चूक टूलची नव्हे, आमची.

मग क्लाउडच बरं म्हणून जिरा घेतलं. (आई म्हणाली, फोडणीचं का? तसं नाही, गॉडझिलाला जपानीत गोजिरा म्हणतात, त्यातलं आहे ते.) दहा जणांपर्यंत फुकट आहे, पण अकरावा आला की एकट्या अकराव्याचे नाही, अकराच्या अकरा जणांचे पैसे भरायचे, हे छोट्या टीमनं आधीच ध्यानात ठेवावं. आमचं घोडं पैशावर अडलं नाही, हौसेवर अडलं. आमच्यातला एकजण पुण्यात मोठ्या कंपनीत होता, त्यानं तिथला वर्कफ्लो (काम कुठल्या टप्प्यांतनं जायचं ते) आठवून आठवून इथं बसवला, बारा स्टेटस, प्रत्येक तिकिटाला सात रकाने सक्तीचे, आणि बटणाचा रंग बदलायला दोघांचं अप्रूव्हल. नतिजा काय, आठवडाभर कोण काही भरायचं नाही आणि सोमवारी स्टँडअपच्या (कोण काय करतंय ते सांगायच्या छोट्या मीटिंगच्या) आधी पाच मिनिटांत सगळ्यांची कार्डं (बोर्डवर तिकीट असंच दिसतं) एका खान्यातनं पुढच्यात धडाधड सरकायची. चाळीस माणसं, चार प्रॉडक्ट, कुणी काय कधी बदललं याचा हिशोब मागणारा क्लायंट, असं असेल तर जिराला तोड नाही हे मी मान्य करतो. आठ जणांना तेवढं सगळं चालू करून बसायची गरज नव्हती.

ट्रेलो मग स्वर्ग वाटलं. तीन याद्या म्हणजे तीन खाने, करायचं, चालू, झालं, त्यांतनं कार्ड ओढायचं, मोबाईलवर पण झकास (तेही 2017 पासून जिरावाल्या ॲटलासियनचंच आहे म्हणा). कार्डं शे-दीडशे झाली आणि कुठला बग (चूक) कोडच्या कुठल्या बदलात गेला ते शोधायची वेळ आली तेव्हा दम निघाला.

पण खरा धडा मिळाला तो ट्रेलोच्या काळात आणि तोही उद्यमनगरातल्या आमच्या एका फाउंड्रीवाल्या क्लायंटकडनं. ते ऑफिसात आले, भिंतीवरच्या स्क्रीनवर बोर्ड बघितला आणि म्हणाले, "ह्या मधल्या खान्यात सतरा कार्डं कशी? माणसं तर पाचच दिसतात. माझ्या मशीनवर एका वेळी एकच जॉब बसतो की." आम्ही गप्प. कानबान, म्हणजे कार्डं खान्यांतनं सरकवायची ही पद्धत, मुळात टोयोटाच्या ताइइची ओहनोंनी गाड्यांच्या कारखान्यात बसवलं, सॉफ्टवेअरवाल्यांनी ते मागनं उचललं, म्हणजे त्या माणसाला आमचा बोर्ड आमच्यापेक्षा जास्त कळत होता! तेव्हापासून मधल्या खान्यात सहाच्या वर कार्ड नाही. ही मर्यादा जिरात, गिटहबमध्ये (कोड ठेवायची ऑनलाईन जागा) लावता येते, पण वर गेलं की फक्त दाखवतात, हात कोण धरत नाही. तो माणसानंच धरायचा.

आता आम्ही गिटहबच्या इश्यूवर (तिथं तिकिटाला इश्यू म्हणतात) आणि त्यातल्याच बोर्डवर आहोत, कारण कोड तिथंच आहे. कमिटमध्ये (कोडमधला बदल जतन करताना लिहायच्या टिपेत) 'फिक्सेस' आणि इश्यूचा नंबर लिहिला की कोड मुख्य ब्रँचला (मूळ प्रतीत) गेल्यावर इश्यू आपोआप बंद, म्हणजे कार्ड सरकवायला वेगळं कुणाला आठवण करायला लागत नाही. आमच्या पोरांचा आळस बघता हेच एक टूल टिकलं. रिपोर्ट म्हणाल तर जिराच्या जवळपास पण नाहीत, चालतंय.

क्लायंट मात्र कुठल्याच टूलमध्ये येत नाही. त्यांचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज येतो, मागं भट्टीचा आवाज, "अहो ते चलनावर हीट नंबर येईना झालाय, गाडी थांबल्या" (हीट नंबर म्हणजे धातूच्या ओताचा नंबर), आणि आमची टेस्टर ते तीनदा ऐकून मराठीतच इश्यू लिहिते. एवढा एक सांधा अजून हातानंच जोडतोय. कोल्हापूर-इचलकरंजीत कुणी यावर काही युक्ती काढली असेल तर याच सदरात जरूर लिहा, आम्ही वाट बघतोय.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर