सूचना : अमृतसरला निघण्याआधी मेलचं तेवढं बघून घ्या

नमस्कार मंडळी. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसने निघणाऱ्या सगळ्यांसाठी. वाटेत प्रिंट काढायला नेट कॅफेत किंवा लॉजच्या काउंटरवर मेल उघडावाच लागला, तर ब्राउझर ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ विचारतो, तिथे नाही म्हणा. काम झालं की नुसतं उठून येऊ नका, साइन आउट करा. मागच्या सहलीत मी बसलो त्या कॉम्प्युटरवर आधीच्या माणसाचा मेल उघडाच होता, वर बँकेचं स्टेटमेंट!

उतरवलेली आधारची पीडीएफ ‘डाउनलोड्स’मध्ये तशीच पडून राहते. ती डिलीट करा, रिसायकल बिनमधूनही. इन्कॉग्निटोत (ब्राउझरच्या खासगी विंडोत) हिस्ट्री राहत नाही, पण टाइप केलेलं टिपून घेणारं सॉफ्टवेअर असलं तर इन्कॉग्निटोचा काही उपयोग नाही. म्हणून बँकेचं काम तिथे अजिबात नको.

जीमेलवाल्यांनी टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री करून घेणारी सोय) सुरू करून, फोन नसताना वापरायचे 10 बॅकअप कोड घरूनच कागदावर उतरवून घ्या. एक कोड एकदाच चालतो. फोन हरवला तरी अडत नाही. कागद पाकिटात मात्र नको, गर्दीत आधी पाकीटच जातं.

ज्यांना जमत नाही त्यांनी शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे या. मोबाइल चार्ज करून आणा बरं का.