नेरूरच्या राणीला नाव आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला चालुक्यकालीन कोकणावरचा लेख वाचला. मंगलेश आला, पुलकेशी आला, विक्रमादित्याने बापाचं राज्य परत मिळवलं तेही आलं. पुलकेशीची सून आणि चंद्रादित्याची राणी विजयभट्टारिका हिच्या वाट्याला मात्र एकच वाक्य, ‘चंद्रादित्याच्या पत्नीनेही दान दिले.’ तिचं नाव छापायला जागा नव्हती?

तिच्या नेरूरच्या ताम्रपटावर वर्ष कुणाच्या राज्याचं आहे, हे लेखकाने पाहायला हवं होतं. काही अभ्यासकांच्या मते ते बदामीच्या गादीवरच्या दिराचं, विक्रमादित्याचं नाही, नवऱ्याचंही नाही. ते तिच्या स्वतःच्या राज्याचं पाचवं वर्ष मानलं जातं, इ.स. 659 च्या सुमाराचं. पुलकेशी 642 च्या सुमारास पल्लवांशी लढताना गेला, बदामी पडली, घरात फाटाफूट झाली. त्या धामधुमीनंतरच्या काळात सिंधुदुर्गात एक राणी स्वतःच्या नावाने जमीन दान करते. दान करायला जमीन आधी हाताखाली असावी लागते. वेंगुर्ले तालुक्यातल्या कोचऱ्याला तिचा आणखी एक ताम्रपट मिळाला. जुने लेख वाचणारे इंग्रज अभ्यासक फ्लीट यांनी हे दोन्ही 19व्या शतकातच वाचून छापले आहेत. संस्कृत कवयित्री विज्जिका ती हीच, असं काही अभ्यासक मानतात. त्यावर वाद आहे, म्हणून तो मुद्दा मी सोडून देते. ताम्रपट तिचे आहेत, यावर वाद नाही.

मला हे इतकं लागण्याचं कारण सांगते. माझ्या नातीने शाळेच्या इतिहास प्रदर्शनासाठी या राणीचा तक्ता केला होता. वर चालुक्यांचा वराह, काळ्या स्केचपेनने, सुळ्यासकट. खाली वंशावळ, आणि विजयभट्टारिकेच्या नावाभोवती लाल चौकट. ‘अभ्यासक्रमात नाही, शिवाय ही कोण ते कुणाला माहीत नाही,’ म्हणून तक्ता परत आला. त्या भिंतीवर सिंधुदुर्ग किल्ल्याचे चार तक्ते लागले. किल्ल्याबद्दल मला आदरच आहे, पण चार? पोरगी घरी येऊन काही बोलली नाही. तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला तो अजून तिथेच आहे. कुणाला माहीत नाही म्हणून लावायचा नाही, आणि लावायचा नाही म्हणून कुणाला कळायचं नाही. आता तुमच्यासारख्या वृत्तपत्रानेही तेच करावं, याचं वाईट वाटलं.

आणखी एक. लेखात दोन ठिकाणी ‘नेरूळ’ छापलंय. नेरूळ नवी मुंबईत. आमचं नेरूर कुडाळ तालुक्यात, आणि मंगलेश, विजयादित्य यांचेही ताम्रपट तिथेच सापडले. जिल्ह्याच्या आवृत्तीत तरी जिल्ह्यातलं गाव नीट छापून यावं.

येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, त्याच पानावर, राणीच्या पूर्ण नावासह. आतल्या पानाच्या तळाशी बारीक टायपात नको. नातीला कात्रण दाखवायचं आहे.

आपली,
एक जुनी वाचक, कुडाळ